पहिली हाक

नदीच्या अलीकडच्या रानात एक रीत होती. दिवस उगवला की उंबराच्या शेंड्यावरून साळुंकी हाका घाली, आणि कुठं काय झालं ते रानाला कळे. हाका बऱ्याच असत, पण जनावरांचा कान पहिल्या हाकेकडे. ती ऐकली की जो तो आपल्या वाटेला लागे. शेवटच्या हाकेपर्यंत उंबराखाली कासव तेवढं उरे, तेही निघायलाच वेळ लागे म्हणून.

कुठली हाक पहिली, हे साळुंकी ठरवी. तिला कुणी शिकवलं नव्हतं. खाली बघून बघून ती शिकली होती. बोरं पिकली म्हटलं की दोन-चार चितळं येत. वाघाचा माग दिसला म्हटलं की सगळं रान गोळा होई. जनावरं उभी राहिली की खाली शेण-लेंड्या पडत, उंबर तरारे, फळांनी लगडे; आणि त्या फळांवर साळुंकीची पिल्लं वाढत. कुणाचं वाईट चिंतावं असा तिचा स्वभाव नव्हता. पोटाची आणि गर्दीची गाठ पडली होती, एवढंच.

त्या साली नदी आटून एकच डोह राहिला. अलीकडचे गवे आणि पलीकडचे गवे तिथंच येऊ लागले. एक दिवस शिंगाला शिंग घासलं. तेव्हापासून दोन्ही काठांवर कुजबुज सुरू झाली.

डोहाशेजारी, नदीच्या मधोमध, वाळूचा एक पट्टा होता. इकडून तिकडे जायचं तर त्यावरूनच पाय टाकावा लागे. तिथं खड्यांच्या आळ्यात टिटवीनं अंडी घातली होती. खडा कुठला नि अंडं कुठलं, ते तिचं तिलाच ठाऊक. तिला दोन्ही काठ दिसत, म्हणून पलीकडची खबर तीच आणी. पण हाक घालायची तिला सोय नव्हती. टिटवी ओरडली की अभद्र, ही रानाची समजूत. तिचा आवाज निघाला की गाभण हरिणी कान पाडून पळत. म्हणून खबर टिटवीची आणि गळा साळुंकीचा.

एका संध्याकाळी टिटवी आली.

“साळूबाई, पलीकडच्यांनी वासरं मागच्या कपारीत नेली. भ्यालेत बिचारे.”

सकाळी साळुंकीनं पहिली हाक घातली, “पलीकडच्यांनी वासरं हलवली हो!”

शब्द काही खोटा नव्हता. ‘भ्यालेत’ तेवढं उंबरावरच राहिलं. खाली अशी दाटी झाली की मुंगीला वाट मिळेना. “वासरं हलवली म्हणजे काहीतरी डाव आहे,” थोरला गवा म्हणाला. ऊन चढायच्या आत अलीकडचीही वासरं मागं गेली.

दुसऱ्या दिवशी टिटवी धापा टाकत आली. “अगं, आता तिकडं ओरडा चाललाय, की तुम्ही वासरं हलवलीत म्हणून! गवे झाडांना शिंगं घासतायत!”

“बघ, मी म्हणत नव्हते? तिकडं तयारी चाललीय,” साळुंकी म्हणाली.

“साळूबाई, माझी एक हाक घाल. आज इकडचं एक वासरू नि तिकडचं एक, दोघंही आयांचा डोळा चुकवून डोहावर आली. एकमेकांची नाकं हुंगली, पाणी प्याली, शेपट्या उडवत घरी गेली. हे उद्या पहिलं सांग. माझी अंडी आतून टोकरायला लागलीत गं. एवढ्यात कुणी वाळूवर आलं नाही, तर पोरं आपल्या पायांनी पळतील.”

साळुंकीनं मागं वळून पाहिलं. तिचीही पिल्लं ढोलीत होतीच की. पण ती म्हणाली, “पाणी प्याली, ही काय हाक झाली, टिटवे? पाणी तर सगळेच पितात.”

“सगळेच पितात, हेच सांग ना!”

“बरं, घालते,” साळुंकी म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळला. सकाळी पहिली हाक गेली, “पलीकडचे शिंगं घासतायत हो!” गव्यांनी एवढंच ऐकलं आणि माना खाली घालून नदीची वाट धरली. मग मोह फुलल्याची हाक झाली, मधाच्या पोळ्याची झाली, आणि सगळ्यांत शेवटी वासरांची.

कासवानं मान वर केली. “साळूबाई, ही आधी घातली असतीस तर?”

“आधी घातली असती, आजोबा, तर ऐकायला तुम्ही एकटेच असता.”

“मग आत्ता दुसरं कोण आहे?”

साळुंकी काही बोलायच्या आत नदीकडून टापांचा आवाज आला.

धूळ खाली बसली तेव्हा साळुंकी वाळूवर उतरली. डोहाचा चिखल झाला होता, आणि त्याचा रंग नुसत्या मातीचा नव्हता. वाळूवर खुरांचे ठसेच ठसे. अलीकडचा कुठला, पलीकडचा कुठला, काही ओळखू येईना. खड्यांचं आळं जिथं होतं तिथं टिटवी उभी होती.

साळुंकीला उद्याच्या हाकेची घाई होती. तिनं दबक्या आवाजात विचारलं, “टिटवे, पहिलं खूर कुणाचं पडलं गं?”

टिटवी चोचीनं वाळू उकरत होती.

“टिटवे, पहिलं खूर कुणाचं पडलं गं?”

हे मात्र आपल्या साळुंकीनं विचारलं नव्हतं. तिनं वळून पाहिलं. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, पलीकडच्या काठावरच्या उंबरावरून नुकतीच उतरलेली एक साळुंकी उभी होती. तशीच पिवळी चोच, डोळ्यांभोवती तसंच पिवळं कडं, चोचीला उंबराचा तसाच गर.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. टिटवीनं दोघींकडेही पाहिलं नाही. तिनं फुटकी टरफलं चोचीनं एकेक करून पोटाखाली ओढली, पिसं फुलवली, आणि ती त्यांवर उबवायला बसली.