नाकावरचा वळ

एकदा एका तालुक्याच्या गावी मोठी साथ आली. तिथल्या रुग्णालयात मास्कची इतकी टंचाई झाली की भांडाराच्या कपाटाला कुलूप लागले. किल्ली एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे होती. चिठ्ठी लिहून सही केल्याशिवाय मास्क मिळणार नाही, असा नियम त्यांनी घालून दिला. पंधरा दिवसांत खप निम्म्यावर आला. बाईंना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटू लागली.

त्या वही घेऊन आपल्या गुरूंकडे, थोरल्या डॉक्टरांकडे गेल्या. "सर, तीन आठवड्यांचा साठा आता सहा आठवडे पुरेल!"

थोरल्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "आजचा चहा मी देणार."

बाई बुचकळ्यात पडल्या. म्हातारबुवा किटली घेऊन अंगणात निघालेही. चहासाठी मास्क उतरवून रुग्णालयातले सगळे लांबलांब बसले होते. थोरले प्रत्येकाचा चेहरा क्षणभर निरखत आणि मगच कप भरत. कुणाच्या नाकावर मास्कचा लाल वळ होता, कुणाच्या गालावर पट्टीची खूण. साथीच्या वॉर्डात फरशी पुसणाऱ्या हौसामावशींपुढे मात्र ते थबकले.

"मावशी, तुमच्या नाकावर वळ कसा नाही?"

"आमी पदर बांधतो की, सायेब," मावशी संकोचून हसल्या. "चिठ्ठी लिवायला कुठं येतंय आमाला? आन् ताईंनी एवढं जपून ठेवलंय, म्हनलं डॉक्टर लोकांना पुरूं दे."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. पंधरा दिवस मावशी नुसत्या पदरानिशी त्या वॉर्डात वावरत होत्या!

थोरले हलकेच म्हणाले, "बाळ, कपाटातून किती गेले एवढेच वही सांगते. लोकांनी जपून वापरले की मागणेच सोडले, हे तिला कळत नाही. ते माणसांच्या तोंडाकडे पाहूनच कळते. तू मेहनत खरी केलीस, फक्त अर्धेच मोजलेस."

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी बंद झाली. वॉर्डाच्या दाराशी बाई स्वतः मास्क घेऊन उभ्या राहू लागल्या, आणि पहिला मास्क मावशींना. साठा आता चारच आठवडे पुरणार होता. बाईंनी तो आकडा न लाजता फळ्यावर लिहिला.

आठवड्याने चहाच्या वेळी मावशी नाक चोळत कुरकुरल्या, "ताई, लई रुततंय बगा हे!"

बाईंनी तो लालबुंद वळ पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. "रुतू दे, मावशी," त्या म्हणाल्या आणि किटलीतला चहा त्यांच्या कपात ओतला.