गाळणीवरच्या तीन जावा

फार दूर नव्हे, तुमच्याआमच्या कमरेच्या वर, पाठीशी लपून एक गाव असतं. त्याचं नाव मूत्रपिंड. असंच एक गाव एका लहान मुलीच्या देहात होतं. तिथं रक्ताची नदी वाहायची आणि नदीकाठी होती गाळणीसारखी बारीक भिंत. पाणी नि मळ बाहेर सोडायचा, अंगाचं सत्त्व मात्र नदीतच राखायचं, असं त्या भिंतीचं काम.

भिंतीवर तीन पेशी उभ्या असत, नात्यानं जावा: थोरली, मधली आणि धाकटी. प्रत्येकीला पुष्कळ पाय. तळवे भिंतीला घट्ट लावायचे आणि पायांची बोटं शेजारणीच्या बोटांत गुंफायची, फुगडीला हात धरतात तशी. बोटांमधल्या फटींतून पाणी निघून जाई, सत्त्व अडे. प्रत्येकीच्या अंगात बारीक दोर होते, त्यांच्या ताणावर त्या ताठ राहत. काही झालं तरी बोटं सोडायची नाहीत, हा त्यांनी घेतलेला वसा.

धाकटीच्या पलीकडची जागा रिकामी होती. तिथली जाऊ मागच्या पुरात सुटली आणि पाण्याबरोबर गेली. इथून गेलेली परत येत नाही, तिच्या जागी नवी जन्मत नाही. तिकडं नजर गेली की मधली आपले तळवे आणखी घट्ट रोवी.

एके दिवशी नदी फुगली. धक्क्यामागून धक्के बसू लागले.

"जाऊबाई, भिंत हलतेय हो!" मधली ओरडली.

"हलू दे. बोटं सोडू नकोस."

"तुम्हाला काय, तुम्ही खांबासारख्या!"

"खांब कसली गं बाई," थोरली धापा टाकत म्हणाली, "माझेही दोन तळवे सुटलेत."

थोरलीचीच ही गत, मग आपलं काय? मधलीचा धीर सुटला. तिनं सगळी बोटं ओढून घेतली आणि तव्यावरच्या भाकरीसारखी भिंतीवर सपाट पसरली. 'आता बघू मला कोण उपटतं ते!'

घटकाभर तिला बरं वाटलं. मग तिच्या अंगाखालून काहीतरी निसटून जाऊ लागलं. ते सत्त्व होतं. बाहेर जाणाऱ्या पाण्याला फेस आला. सत्त्व घटलं तसं अंगात पाणी साचलं; दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे डोळे उघडेनात, इतक्या पापण्या सुजल्या.

"मधल्या जाऊबाई," धाकटीची हाक आली, "माझी ती बाजू आधीच मोकळी. आता हीपण?"

"माझ्यासारखी पसरून पड की!"

"पडले हो. पण अंगातले दोरच ढिले पडलेत. तळवे धरत नाहीत."

मधलीनं स्वतःच्या अंगात चाचपून पाहिलं. तिचेही दोर लोंबत होते. पसरलेल्या तळव्यांच्या कडा सुटायला लागल्या होत्या.

"अगं," थोरली म्हणाली, "वलणीची दोरी एकाच खुंटीला बांधून साडी वाळत घालता येते का? आपल्या दोराचं एक टोक भिंतीला असतं, दुसरं शेजारणीच्या बोटात. तू दुसरं टोक सोडलंस."

"पण बोटं पुढं करायची तर अंग उचलायला हवं. उचलताना मीच सुटले तर?"

थोरली म्हणाली, "सुटशीलही. खोटं कशाला सांगू?"

धाकटीचे आता दोनच तळवे टिकले होते. तिच्या पलीकडं ती रिकामी जागा.

"देवा, माझ्याकडून वसा मोडला," मधली पुटपुटली. "पुन्हा घेते. पदरात घे."

तिनं अंग उचललं. लाट थेट छातीवर आली. एक तळवा सुटला, मग दुसरा. तिनं बोट लांबवलं, ते धाकटीला नुसतं लागून घसरलं. तिकडं धाकटीचा एक तळवा निघाला. मधलीनं पुन्हा बोट टाकलं.

या वेळी ते अडकलं.

अंगातला दोर खाडकन ताणला गेला आणि मधलीचे सुटलेले तळवे आपसूक भिंतीवर टेकले. धरलं होतं तिनं धाकटीला, पण पाय घट्ट झाले तिचे स्वतःचे! मागून थोरलीनंही बोटं गुंफली.

पूर ओसरला. फेस कमी होत गेला. काही दिवसांनी मुलीनं सकाळी नीट डोळे उघडले आणि आईकडं खायला मागितलं. ती रिकामी जागा मात्र रिकामीच राहिली. धाकटीनं एक पाय लांब करून ती जमेल तेवढी झाकली.

"मधल्या जाऊबाई, बोटं दुखतात हो, किती आवळता!"

"दुखू देत," मधली म्हणाली. तिनं पकड काही सैल केली नाही.

तात्पर्य: घाबरलेलं माणूस आधी शेजारच्याचा हात सोडतं; पण आपले पाय त्या हाताच्या जोरावरच टेकलेले असतात, हे विसरू नये. आणि भीतीपोटी हात सुटलाच, तर वेळ आहे तोवर पुन्हा धरावा.