मंदाकिनीबाईंची पिशवी

“...पण वय आडवं येतंच कुठे, बाबा? द्यायची म्हटली तर संन्यासाची दीक्षा आजही देता येईल!”

खानविलकर मास्तर तिसऱ्यांदा तेच विचारत होते. टेकडीवरच्या मठात केवलनाथ बाबा शेवग्याचा पाला निवडत बसले होते.

“घरात काय खुपतंय, मास्तर?”

“खुपत काहीच नाही. तेच तर! अडतीस वर्षं संसार झाला. मुली आपापल्या घरी सुखात आहेत. आता मी आणि बायको... समोरासमोर बसतो, जेवतो, उठतो. तिला माझ्या वाचनात गोडी नाही, मला तिच्या बोलण्यात. माझी योग्यता तिला कधी कळलीच नाही.”

मास्तर गणिताचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. शाळेत त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे.

बाबांनी सूप बाजूला सारलं.

“तिची परवानगी आणा. ती हो म्हणाली की देतो.”

घरी मंदाकिनीबाई अंगणात वाळवण उलटत होत्या. मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं. बाई रडतील, आडव्या येतील, अशी त्यांची खात्री होती. समजुतीची दोन वाक्यं त्यांनी वाटेतच जुळवली होती.

बाई उठल्या. आत गेल्या आणि कपाटामागून एक कापडी पिशवी आणून त्यांच्यापुढे ठेवली. आत चार साड्या, जास्तीचा चष्मा, गुडघ्याचं तेल.

“दिवाळीपासून भरून ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “माझंही मन लागत नाही इथं. तुम्हाला सांगावं कसं, म्हणून थांबले होते.”

मास्तर पायरीवर बसले.

...

“अहो, पण दोघंही गेलो तर किल्ली कुणाकडे द्यायची?” बाईंनी विचारलं.

एक शेजारी विसरभोळा. दुसरीला भलत्या चौकशा. नावांमागून नावं निघाली, एकही दोघांना पटेना. शेवटी बाईंना हसू फुटलं. मग मास्तरांनाही.

“तू निघाली होतीस कुठे?”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“हे आज पहिल्यांदा विचारलंत. एरवी मला काय हवं, ते तुम्हीच सांगायचात.”

मास्तरांना ते लागलं. उत्तर ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

“माहेरी जाणार होते,” बाई म्हणाल्या. “खाडीवर. वडिलांची होडी भावानं अजून जपलीय. लग्नाआधी मी एकटी पलीकडच्या काठापर्यंत वल्हवत जायचे.”

“तुला होडी चालवता येते?”

पिशवीत मास्तरांचे दोन सदरे बसले. किल्ली विसरभोळ्याकडेच दिली.

महिन्याभरानं मास्तर पुन्हा टेकडी चढून आले. नाक उन्हानं सोललेलं, चेहरा रापलेला.

“मिळाली परवानगी?” बाबांनी विचारलं.

“मिळाली. त्याच दिवशी.”

“मग इतके दिवस?”

“खाडीवर होतो, बाबा. मला पोहता येत नाही. होडीत जीव मुठीत धरून गप्प बसायचो. ती वल्हवायची आणि बोलायची... मी ऐकायचो. चांगलं बोलते हो ती.”

“आणि भांडण नाही कधी?”

“आहे की! परवाच झालं. तिकडेच.”

“कशावरून?”

“वल्ह्यावरून. मला एक हवं होतं. ती देईना. म्हणाली, तुम्ही होडी गोल गोल फिरवाल.”

बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मास्तरही हसले. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं,

“आणि... दीक्षेचं, बाबा?”

बाबांनी त्यांच्या सोललेल्या नाकाकडे निरखून पाहिलं.

“ती वल्हं देईल तेव्हा या. मागून घेऊ नका.”