केसलवाडीच्या चुली

खिंडीतून खाली पाहिले की चारी बाजूंनी उभे कडे आणि मधोमध पंधरा-वीस घरे दिसतात. ही केसलवाडी. हे नाव ना देवाचे, ना झाडाचे. ते एका जर्मन डॉक्टरचे आडनाव होते, असे वाडीतले चिंधूबाबा धिंदळे सांगतात.

प्लेगच्या साली केसल औषधांची पेटी आणि तांब्याचा मोठा हंडा घेऊन इथे उतरला. आमच्याकडे अशा हंड्याला केसल म्हणतात, आगगाडीच्या बॉयलरला केसल, डोंगरांनी वेढलेल्या खळग्याला केसल, आणि शिकारीत जनावराला चहूकडून कोंडतात तेही केसलच, असे तो हसत सांगे. त्या हंड्यावर साऱ्या वाडीचे रांधणारी येसाबाई त्याला म्हणाली म्हणे, "बाबा, तुमच्या मुलखात शब्दांचाबी दुकाळ हाय का?"

चार दिवसांत वाडीत गाठी निघाल्या आणि सरकारने खिंडीत पहारा बसवला. आतल्यांनी बाहेर पडायचे नाही, बाहेरच्यांनी आत यायचे नाही. केसलला जाता आले असते. गोऱ्या माणसाला कोण अडवणार? पण शेवटचा रोगी उठेपर्यंत हलणार नाही, असा शब्द त्याने वाडीला दिला. मग खिंडीखाली उभे राहून त्याने वरच्या अंमलदाराशी ओरडून ठरवून घेतले : धूर दिसतो तोवर आत अन्न आहे. धूर थांबला की धान्य खाली सोडायचे.

अकराव्या दिवशी नाचणी संपली. तोवर केसल स्वतःच तापाने आडवा झाला होता. त्याने येसाबाईला चूल विझवायला सांगितले. पण या वाडीत पेटती चूल विझवत, ती घरात मढे असले तरच. तिची दोन लेकरे हंड्याशेजारी बसली होती.

"ल्याकरं जित्ती हायेत, बाबा. त्यांच्या देखत इझवू कशी?"

तिने हंड्यात नुसते पाणी ठेवले. उकळीचा आवाज ऐकत, आता जेवण मिळेल म्हणत, पोरे पेंगून जात. केसल रोज विनवी आणि ती रोज एक लाकूड पुढे सारी. वर अंमलदार धूर पाहून समाधानाने माघारी वळे.

नाचणी संपल्यापासून सहाव्या दिवशी केसल गेला. त्याच्या मागोमाग थोरले पोर, मग धाकटे. तेव्हा येसाबाईने आपल्या हाताने हंडा चुलीवर पालथा केला. दुसऱ्या सकाळी बारा पोती खाली आली. ती घ्यायला सात माणसे उरली होती, असे सांगतात.

आजही वाडीवर संकट आले की आधी चुली विझवतात. गेल्या श्रावणात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा नऊ दिवस कुठेच धूर नव्हता. मग कोणी आले का, असे आम्ही विचारले.

"खिंडीत बघाया कोन बसतंय आता," चिंधूबाबा म्हणाले.