हिरव्या गोंड्याचा अंगरखा

राजा उदयभानाचा पांढराशुभ्र अंगरखा परीटघाटावरून जांभळा होऊन परत आला आणि राजवाड्यात हलकल्लोळ माजला.

सगुणा परटिणीला दरबारात उभं करण्यात आलं. तिने जे होतं ते सांगितलं. घाटाच्या वरच्या अंगाला गुमानशेठचा रंगाचा कारखाना होता. तिथलं उरलेलं पाणी नाल्याने थेट शुभ्रा नदीत यायचं. कारखान्यात ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी नदीलाही तोच. मासे केव्हाच संपले होते आणि घाटावरच्या बायांच्या हातांची सालं निघत होती.

राजाला हे ऐकवेना. कारण शुभ्रेच्या रक्षणाचा मोठा सोहळा त्याने स्वतःच्या हातांनी केला होता. नीलकंठपंतांचं नदीमित्र मंडळ आणि गुमानशेठ यांनी मिळून नदी राखायची, असं त्या दिवशी ठरलं होतं. मग शेठने मंडळाला दुमजली कचेरी बांधून दिली आणि मंडळाने शेठच्या कारखान्यावर हिरवा रेशमी गोंडा बांधला. नदी राखण्याचं काम तेवढ्यावरच थांबलं. राजाने मात्र दवंडी पिटवली होती, की जिथे मंडळाचा हिरवा गोंडा तिथे डाग नाही, आणि डाग आहे असं जो म्हणेल तो हद्दपार.

गुमानशेठ म्हणाला, परटांचेच हात मळके असतील. नीलकंठपंतांनी खेदाने मान हलवली. नदीकडे असं नुसत्या डोळ्यांनी पाहायचं नसतं, त्याला व्यापक दृष्टी लागते, असं ते म्हणाले.

राजा हट्टाला पेटला. त्याने दुसरा पांढरा अंगरखा सगुणेच्या अंगावर टाकला. "दसऱ्याच्या दरबारात हा मला पांढरा हवा. धुवायचा तो शुभ्रेतच. डागाळला, तर सगळा परीटघाट राज्याबाहेर!"

तिने चोरून विहीर गाठू नये म्हणून घाटावर शिपाईही बसवला.

सगुणेने पहाटे नदी गाठली. निदान त्या वेळी पाणी निवळ असेल, अशी तिला आशा होती. पण सण तोंडावर आलेला, कारखाना रात्रंदिवस चालू. रिठे घासून घासून तिची बोटं सोलली आणि अंगरखा जांभळा झाला तो झालाच, वर बाह्यांवर पिवळे ओघळ आले. सासू घरी भांडीकुंडी बांधायला लागली होती. सगुणा ओला अंगरखा मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि रडली. डोळे पुसून वर पाहते, तर कारखान्याच्या दारावर गोंडा वाऱ्यावर डुलत होता. ती पाहत राहिली. मग उठली, अंगरखा वाळवून गाठोड्यात बांधला आणि तडक मंडळाच्या कचेरीत गेली.

मंडळाचं भागीदार व्हायला काय करावं लागतं, असं तिने पंतांना विचारलं. पंतांनी उलट विचारलं, की तुझ्याजवळ देण्यासारखं काय आहे? वर्षभर मंडळाचं धुणं फुकट धुईन, असं ती म्हणाली. पंत प्रसन्न झाले. त्यांनी गाठोडं न सोडताच त्यावर गोंडा बांधला, नदीरक्षणावर दोन शब्द बोलले आणि आपल्या कपड्यांचा ढीग तिच्यापुढे ठेवला. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी हळूच हाक मारली. "आमचे कपडे मात्र विहिरीवर धू हं, बाई."

दसऱ्याला दरबार भरला. शिपायाने अंगरखा नदीतच धुतल्याची साक्ष दिली. सगुणेने घडी उलगडली. गळ्याशी गाठोड्यावरचा तोच हिरवा गोंडा लटकत होता. राजाचे डोळे लाल झाले.

"हा पांढरा?"

"पांढरा, महाराज."

"मला काय दिसत नाही? हा जांभळा आहे!"

सगुणेने हात जोडले. "महाराज, जिथे हिरवा गोंडा तिथे डाग नाही. आहे म्हणेल त्याला हद्दपार करायचं, ही दवंडी आपलीच. आता आपण काय म्हणालात ते मी ऐकलं नाही. पण एवढा दरबार बसलाय."

राजाने दरबाराकडे पाहिलं. जो तो खाली पाहू लागला.

पंत घाईने उठले. आपण गाठोडं उघडून पाहिलंच नव्हतं, असं ते सांगू लागले.

"नाला तरी कुठे पाहिला होता, पंत?" सगुणा म्हणाली.

गुमानशेठला राहवलं नाही. "अगं, गोंडा बांधून कधी कापड पांढरं होतं का?"

"मग नदी कशी झाली, शेठजी?"

शेठने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. राजाची नजर पंतांच्या झुळझुळीत पांढऱ्या उपरण्यावर गेली. हे कुठे धुतलं, असं त्याने विचारलं. पंतांना एकाएकी खोकला आला.

"विहिरीवर, महाराज," सगुणा म्हणाली. "पंतांनी तसं बजावलंच होतं."

राजा आधी गालातल्या गालात हसला, मग सिंहासनाच्या हाताला धरून हसला, आणि शेवटी त्याला डोळे टिपावे लागले. त्याने तो जांभळा अंगरखा तिथेच अंगात घातला. हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणेला दिलं आणि आणखी काय हवं ते माग म्हणाला.

सगुणेने फार मागितलं नाही. शुभ्रेचं पाणी निवळेपर्यंत शेठच्या आणि पंतांच्या घरचं सगळं धुणं त्याच घाटावर, त्याच पाण्यात व्हावं, एवढंच मागितलं.

पहिल्याच धुण्यात शेठाणीचा माहेरचा शालू गेला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गुमानशेठ स्वतः कुदळ घेऊन नाल्याच्या तोंडाशी उभा होता.