सिंहाच्या शेपटीची कोंबडी

समोरच्या फाटकावर दगडी कोंबडी दिसतेय ना, तिची शेपटी नीट बघा. लांब, टोकाला गोंडा. ती सिंहाची आहे. इथे फ्रान्समध्ये बोर्दोकडच्या मोठ्या द्राक्षमळ्यांच्या फाटकांवर सिंह, गरुड, मुकुट असं काहीबाही असतं. आमच्या शेजारच्या शातो लार्निझाक ह्या मळ्यावर मात्र कोंबडी. निफाडहून आमच्याकडे कोणी आलं की मी आधी ती दाखवते, मग चहा टाकते. वाइनमधलं मला फारसं कळत नाही, पण शेजाऱ्यांची हकीकत माहीत नको का?

ही मला मळ्याच्या तळघरात जन्म काढलेल्या आन्सेल्मकाकांनी कुंपणापलीकडून सांगितली.

दीडशेहून जास्त वर्षं झाली असतील. तेव्हाचे मालक ऑक्ताव्ह. मी त्यांना ऑक्ताव्हशेठच म्हणते. भारी रुबाबाचा माणूस. फाटकावर बसवायला सिंह हवा म्हणून पाथरवट बोलावलेला, आणि त्याने म्हणे शेपटीपासूनच सुरुवात केली होती. आम्ही राहतो त्या घरात तेव्हा सेलेस्तीनबाई राहायच्या. एकटी बाई आणि तिच्या कोंबड्या. कोंबड्या मळ्यात शिरून वेलींच्या बुडाशी उकरत बसायच्या. शेठना ते खपेना. त्यांनी ढोल बडवायला एक माणूसच ठेवला. कोंबडी दिसली की धडाम. कोंबड्या यायच्या बंद झाल्या. अंडी द्यायच्याही बंद झाल्या.

त्याच सुमारास बातमी आली की पॅरिसच्या प्रदर्शनासाठी वाइनचे दलाल इथल्या मळ्यांची प्रतवारी लावणार, पहिल्या वर्गापासून पाचव्यापर्यंत. यादीत नाव आलं तर नातवंडा-पतवंडांपर्यंत मान. शेठची वाइन चवीला उत्तम, पण रंगाला ओढ्याच्या पाण्यासारखी गढूळ. त्यावर उपाय इथला जुनाच: अंड्यातलं पांढरं फेटून पिंपात घालायचं. ते सावकाश तळाला बसतं आणि गाळ सोबत नेतं. पण यादीची बातमी सगळ्यांनीच ऐकलेली. बाजारातली अंडी ज्याने त्याने उचललेली. शेठना एकही मिळेना.

शेवटी ते टोपी हातात घेऊन सेलेस्तीनबाईंच्या दारात आले.

"अंडी हवीत, बाई."

"मलाही हवीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या ढोलाने कोंबड्यांनी पोटातच धरून ठेवलीत. काढा तुम्हीच समजूत."

"कोंबडीची समजूत कशी काढायची?"

"माझी काढायला आलात तशीच. आवाज खाली ठेवून."

मग शेठनी ढोल बंद केला. पिंपं गडगडवायची नाहीत, शिंक आली तर लांब जाऊन शिंकायचं, असा हुकूम निघाला. ते स्वतः कोंबड्यांना हळूहळू मळ्यात घेऊन गेले. बूट करकरत होते, म्हणून तेही काढले. एवढा मोठा माणूस अनवाणी वेलींमधून कोंबड्यांच्या मागे चाललाय आणि गडीमाणसं तोंडाला फडकं लावून हसतायत. तिथेच त्यांनी नवस बोलला म्हणे: अंडी मिळू देत, फाटकावर सिंहाऐवजी कोंबडी बसवीन, आणि ह्या घरच्या कोंबड्यांना पुन्हा कोणी दरडावणार नाही.

कोंबड्यांनी चांगला भाव खाऊन घेतला. पण एके सकाळी अंडं दिलं. मग देतच राहिल्या. पांढरं पिंपात गेलं, वाइन माणकासारखी नितळ झाली. पाथरवटाची शेपटी झालेलीच होती. ती पुसता येईना, म्हणून उरलेल्या दगडाची त्याने कोंबडी केली.

यादी लागली. लार्निझाक पाचव्या वर्गात.

"पाचवाच?" शेठ हिरमुसले.

"पास झालात ना?" सेलेस्तीनबाई म्हणाल्या. "आणि उरलेलं पिवळं कुठेय? अंडी माझी होती."

तेव्हापासून पिवळा बलक ह्याच घरी येतो. आता पांढऱ्याची तयार पावडर मिळते म्हणे, पण इथे कोणी तिचं नाव काढत नाही. ह्या घरात राहील त्याने कोंबड्या पाळायच्या, अशी अटच आहे. मी अंडं खात नाही, तरी पाळते. बलकाचे केक ह्यांना आणि अख्ख्या गल्लीला घालते. आजही बलकाची बादली घेऊन मालक स्वतः येतात, बूट फाटकापाशी काढतात आणि अंगणात अगदी कुजबुजत बोलतात. मी आपली नेहमीच्या आवाजात बोलते. माझ्या आवाजाची कोंबड्यांना सवय आहे, त्या अंडी देतात.