आभाळातली गूळतुला

उदाजीराजांनी वाढदिवसाला हुकूम काढला, यंदाची गूळतुला आभाळातल्या महालात होणार!

दरसाल राजाला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या भारोभार गूळ चढवायचा आणि तो गूळ राज्यातल्या बाळंतिणींना वाटायचा, अशी रीत. राजा अंगानं एकशेदहा किलोचा आणि हाताचा भारी चिकट. आभाळातला महाल म्हणजे पृथ्वीभोवती गरगर फिरणारं यान. तिथं माणसाचं सोडा, हत्ती नेला तरी पिसासारखा तरंगेल. वजनच नाही, तर गूळ कसला द्यायचा?

महालात तिघंच होती. राजा, दिवाण बापूसाहेब आणि स्वयंपाकीण गोजराबाई. गोजराची सून आठ दिवसांमागं बाळंत झालेली. डिंक आणून ठेवला होता, खोबरं किसून ठेवलं होतं. लाडू अडले होते ते राजाच्या गुळापायी.

वरचं जगणंच न्यारं. झोपायचं तर भिंतीला टांगलेल्या पोत्यात शिरून स्वतःला बांधून घ्यायचं, नाहीतर उठल्यावर माणूस छताला सापडायचा. आणि सूर्य दिवसातनं सोळा वेळा उगवणार, तेव्हा उठायचं तरी कितव्यांदा? जेवायला दुधात मळलेली मऊ दशमी. कडक भाकरीचा चुरा उडून थेट नाकात जायचा.

बापूसाहेबांनी तराजू काढला. राजा पारड्यात बसायला गेला, तर पारडं एकीकडं आणि राजा दुसरीकडं.

"वजन शून्य, महाराज," बापूसाहेब म्हणाले.

"झाली तुला. खाली कळवा, तेवढा गूळ वाटून टाका म्हणावं."

"कळवा की," गोजरा दशमी लाटता लाटता म्हणाली. "बाळंतिणींना काय, पोराला सांगतील, बाळा, आपला राजा नुसता वारा आहे."

राजाला ते झोंबलं. "फार बोलतेस, गोजरे. मग तूच तोल मला. इथंच, आत्ता. जमलं तर भारोभार गूळ. नाही जमलं तर यापुढं दरसाल गूळतुला इथंच होणार."

"शब्द दिला?"

"दिला!"

बापूसाहेब मिशीत हसले. गोजरानं हात पुसले आणि कोठीत गेली. कोठीतल्या पाण्याच्या दहा-दहा किलोच्या पिशव्या ती रोज हलवायची. उचलायला भार लागत नसे, पण रिकामी पिशवी बोटानं ढकलली की पळायची आणि भरलेली हट्ट धरून बसायची. एकदा तर भरली पिशवी सुसाट आली आणि गोजराच्या बरगडीत बसली. आठवडाभर दुखत होतं. वजन नाही म्हणणाऱ्यानं ती बरगडी बघायला हवी होती!

तिनं पाच पिशव्यांचं चादरीत गाठोडं बांधलं. राजानं व्यायामाला आणलेला आणि कधी हात न लावलेला रबरी पट्टा काढला. एक टोक राजाच्या कमरेला, दुसरं गाठोड्याला. दालनाच्या या टोकाला भिंत धरून राजा, त्या टोकाला गाठोडं धरून बापूसाहेब. मधे पट्टा ताणलेला. दालनाच्या बरोबर मध्यावर, पट्ट्याच्या बाजूनं, गोजरानं आडवा लाल दोरा बांधला.

"मी तीन म्हटलं की दोघांनी सोडायचं. एक, दोन, तीन!"

राजा जेमतेम हलला. गाठोडं मात्र दोरा ओलांडून धावत आलं आणि धप्पकन राजाच्या पोटावर!

"अगं, मारतेस काय?"

"हलकं आहे ना, म्हणून पळालं. महाराज भारदस्त, ते कशाला धावतील? बापूसाहेब, आणखी तीन पिशव्या."

आठ पिशव्यांना टक्कर दोऱ्याच्या अलीकडं, राजाच्याच बाजूला झाली. दहांना दोरा वीतभर राहिला. राजाच्या पोटावर एव्हाना लाल चट्टा उठला होता.

"पुरे आता," राजा कण्हला.

"एकच. बाळंतिणींसाठी सोसा."

अकरावी पिशवी गाठोड्यात गेली. "तीन!" इकडून राजा निघाला, तिकडून गाठोडं निघालं, दोघं सारख्याच चालीनं आले आणि नेमके लाल दोऱ्यावर एकमेकांना भेटले.

"अकरा पिशव्या. एकशेदहा किलो," गोजरा म्हणाली. "सारख्याला सारखा भेटला की मधोमध भेटतो."

बापूसाहेब दोऱ्याकडं बघतच राहिले. राजा पोट चोळत म्हणाला, "पण इथं मला वजनच नाही. तू तोललंस काय?"

"वजन खाली राहिलं, महाराज. पोट बरोबर आलंय की!"

राजा असा खदखदून हसला की हसता हसता उलटा झाला आणि डोकं खाली, पाय वर करूनच हुकूम सोडला, "एकशेदहा किलो गूळ आजच वाटा! पहिली ढेप गोजराच्या सुनेला. आणि बापूसाहेब, बांधा हिला पट्ट्याला. हिच्या भारोभार पेढे द्यायचे!"

गोजरा झटकन मागं सरकली.

"थांबा महाराज, घाई नको. आधी मला पोटभर जेवू द्या!"